कुंडी कशाची घ्यावी? पाणी, वजन आणि वर्षांचा हिशेब

रहाटणीतील आमच्या सदनिकेला पश्चिमेकडे एक लहानशी उघडी गच्ची आहे. चिंचवड गावठाणातील जुने घर सोडून आम्ही येथे राहावयास आलो, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एवढीच अट घातली होती. पंचेचाळीस वर्षे कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसलेला हा माणूस. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देताना ते म्हणाले, "आता मला चार रोपे द्या, तेवढे पुरे." जुन्या घराच्या अंगणात लिंबू, मोगरा, कढीपत्ता अशी झाडे होती. ती जमिनीत होती, त्यामुळे कुंडीचा विचार करण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

नव्या घरी आम्ही उत्साहाने काळ्या कापडी पिशव्या एकाच वेळी वीस आणल्या. हलक्या, घडी होणाऱ्या, दिसायला सुबक. दिवाळीनंतर टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर असे सारे बहरले. एप्रिल उजाडला आणि पंधरवड्यात निम्म्याहून अधिक पिशव्यांतील रोपे वाळली. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरील वहिनी संकोचाने दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या शयनगृहाच्या छताला ओलीचा डाग पडला होता. वर रोपे तहानेने वाळत होती आणि खाली छत पाण्याने भिजत होते. बाबा त्या संध्याकाळी जेवताना फारसे बोलले नाहीत. शेवटी एवढेच म्हणाले, "हौस माझी आणि त्रास शेजाऱ्यांना, हे बरे नव्हे. उद्या सगळे काढून टाका."

आम्ही काढून टाकले नाही. मात्र, आपण नेमके काय विकत घेतले होते, याचा शोध घेतला. त्या शोधाचे हे टिपण. आपल्यापैकी अनेक कुटुंबे वाडा आणि अंगण मागे ठेवून अशाच सदनिकांत आली आहेत. त्यांना ते उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

दिसायला कापड, जातीने प्लास्टिक

पहिली गोष्ट बाबांनीच दाखवली. एक रिकामी पिशवी त्यांनी उजेडाकडे धरली, दोन बोटांत चोळली, कडेचा धागा ओढून पाहिला आणि म्हणाले, "बेटा, यात ताणा नाही, बाणा नाही. हे विणलेलेच नाही."

ते खरे होते. ज्याला आपण कापडी कुंडी म्हणतो, ती बहुधा पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचा थर सुयांनी टोचून, दाबून घट्ट केलेल्या नॉनवोव्हन कापडाची असते. रस्त्याच्या आणि भरावाच्या कामात मातीखाली अंथरतात, त्याच कुळातील हे कापड. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुकानातून सामान देण्याच्या नॉनवोव्हन पिशव्याही तीत आल्या होत्या. "कापडाची पिशवी बंद कशी?" असा प्रश्न तेव्हा अनेक व्यापाऱ्यांना पडला होता. उत्तर तेच होते: दिसायला कापड, जातीने प्लास्टिक.

बाजारात याहून मोठा घोटाळा 'ग्रो बॅग' या शब्दाने होतो. हिरव्या, पांढऱ्या किंवा नारिंगी रंगाच्या, ताडपत्रीसारख्या पिशव्याही याच नावाने विकल्या जातात. त्या एचडीपीई पट्ट्यांनी विणलेल्या असून त्यांवर प्लास्टिकचा लेप असतो. त्यांतून हवा जात नाही. पाणी केवळ तळाशी पाडलेल्या भोकांतून निघते. गुणधर्माने त्या प्लास्टिकच्या कुंडीच्याच जवळच्या आहेत. तिसरा प्रकार गोणपाटाचा. तो खराखुरा वनस्पतिजन्य धागा आहे, परंतु सतत ओला राहिला की एक-दोन हंगामांत कुजतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उन्हात काही महिन्यांतच भुरभुरू लागतात आणि त्यांचे कण मातीत मिसळतात.

म्हणून कापड पारखतात तशीच ही पिशवी पारखून घ्यावी. तोंडाला लावून फुंकर मारावी. हवा आरपार गेली तरच ती श्वास घेणारी. एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम किती, ते विचारावे. पातळ कापड भरलेल्या मातीच्या भाराने फुगते. उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य तंतूत मिसळले आहे का, हेही विचारावे. शिवण पॉलिएस्टर धाग्याची आहे की सुती, ते पाहावे. सुती धागा ओलीत कापडाच्या आधी जातो. पकडण्याचे बंद केवळ काठाला टाचलेले असतील, तर भरलेली पिशवी उचलताना ते निसटतात.

मूळ आणि हवा

मग या कापडाचा लाभ तरी कोणता? लाभ आहे आणि तो मोठा आहे.

प्लास्टिकच्या किंवा गुळगुळीत भिंतीच्या कुंडीत मूळ भिंतीला टेकले की वळते आणि भिंतीलगत गोल फिरू लागते. दोन-तीन वर्षांनी झाड उपसले, तर मातीऐवजी मुळांचे घट्ट वेटोळेच हाती येते. मधली माती रिकामी राहते आणि झाड खुंटते. कापडी कुंडीत मुळाचे टोक कापडापर्यंत पोहोचले की त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, टोक सुकते आणि मागून नवी उपमुळे फुटतात. शेंडा खुडल्यावर मोगऱ्याला जशा नव्या फांद्या येतात, तसेच हे जमिनीखाली घडते. अमेरिकेत डॉ. कार्ल व्हिटकॉम्ब यांनी मुळांच्या या हवेने होणाऱ्या छाटणीचा दीर्घकाळ अभ्यास केला. कापडी पिशव्या तेथे प्रथम रोपवाटिकेतील मोठ्या झाडांसाठी वापरात आल्या. घरगुती बागेत त्या नंतर आल्या.

हा तपशील महत्त्वाचा आहे. दीड-दोन महिन्यांत संपणाऱ्या मेथी-कोथिंबिरीच्या मुळांना वेटोळे घालण्याइतका वेळच मिळत नाही. त्यांना कापडी कुंडीचा मुख्य लाभ फारसा मिळत नाही, तोटा मात्र पुरेपूर मिळतो. वर्षानुवर्षे राहणारे लिंबू, कढीपत्ता, डाळिंब यांना मात्र तो लाभ खरोखर होतो.

माठाचा धर्म

तोटा कोणता, हे समजण्यास घरातील माठाकडे पाहावे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, हवेत उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते; म्हणून आतील पाणी गार राहते. मात्र माठ रोज भरावा लागतो. कापडी कुंडीचा धर्म हाच आणि भट्टीत भाजलेल्या मातीच्या कुंडीचाही हाच. दोन्हींत मुळे उन्हाळ्यात गार राहतात आणि दोन्ही तहानलेल्या असतात.

तहान किती, याचे गणित सोपे आहे. 12 इंच व्यासाची व 12 इंच उंचीची कुंडी घेतली, तर तिच्या कडेच्या भिंतीचे क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या चौपट भरते. प्लास्टिकच्या कुंडीत पाणी केवळ तोंडातून आणि पानांतून उडते. कापडी कुंडीत तोंड आणि भिंत मिळून पाचपट पृष्ठभाग हवेला उघडा असतो. कुंडी जितकी लहान, तितका तिच्यातील मातीच्या मानाने हा उघडा भाग अधिक. म्हणून लहान कापडी पिशवी सर्वांत आधी वाळते.

आता हे रहाटणीच्या पाण्याशी जोडून पाहू. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाते, निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि तेथून आपल्या टाक्यांत येते. नोव्हेंबर 2019 पासून पिंपरी-चिंचवड शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. सोसायट्यांना उन्हाळ्यात कूपनलिका आणि टँकर यांचा आधार घ्यावा लागतो. अशा गावात रोज दोनदा पाणी मागणाऱ्या वीस पिशव्या पश्चिमेच्या उन्हात मांडणे, ही आमची चूक होती. पिशव्यांचा त्यात दोष नव्हता.

पाण्याचा एक थेंबही जपून वापरावा, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. गाळलेल्या पाण्याची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कुंडीच्या भिंतीतून उडून जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब ठेवावयास हवा. कूपनलिकेचे जड पाणी वापरले, तर कापडाच्या अंगावर क्षारांची पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात. मातीच्या कुंडीवरही ती चढतात. ती बुरशी नव्हे. मधूनमधून पावसाचे पाणी मिळाले की क्षार धुऊन जातात.

वजनाचा हिशेब

खालच्या वहिनींच्या छतावरील डागाने आम्हाला दुसरा धडा दिला. आमच्या पिशव्या थेट फरशीवर ठेवलेल्या होत्या. तळ सतत ओला राहत होता, बारीक मुळे कापडातून बाहेर येऊन फरशीच्या सांध्यांत शिरत होती आणि पाणी जाण्याची जाळी वाहून आलेल्या मातीने भरली होती. आता प्रत्येक कुंडी लोखंडी घडवंचीवर किंवा विटांवर, किमान तीन इंच उंच असते. खालून हवा खेळते, फरशी वाळते, झाडू फिरतो आणि तळाच्या मुळांचीही हवेने छाटणी होते. गळणारे पाणी थाळीत जमते आणि दुसऱ्या कुंडीला जाते.

ती थाळी भरलेली ठेवू नये. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. थाळी त्याच दिवशी रिकामी करून आठवड्यातून एकदा कोरडी घासावी. जीव निर्माण होऊ देऊन मग औषध फवारण्यापेक्षा तो निर्माण होण्याचे कारणच न ठेवणे, हे आपल्या विचाराला अधिक धरून आहे.

वजनाविषयीही फार गैरसमज आहेत. "कापडी कुंडी हलकी" हे रिकामी असतानाच खरे. वजन मातीचे आणि पाण्याचे असते. 12 इंची कुंडीत सुमारे 22 लिटर आणि 18 इंची कुंडीत सुमारे 75 लिटर माती मावते. नुसती ओली बागेची माती भरली, तर 18 इंची कुंडी 120 किलोच्या आसपास जाते. कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळलेली माती भरली तरी 75 किलोच्या जवळपास असते. भारतीय मानक आयएस 875 नुसार ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो आणि घराच्या बाल्कनीसाठी सुमारे 300 किलो वापराचा भार धरतात. एका चौरस मीटरात 18 इंची चार कुंड्या खेटून मांडल्या, तर हलक्या मिश्रणानेही 300 किलो होतात. तात्पर्य, मोठ्या कुंड्या भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर आणि अंतर सोडून ठेवाव्यात. संख्या वाढवावयाची असेल, तर आधी इमारतीच्या संरचना अभियंत्याला विचारावे. सोसायटीची परवानगी ही औपचारिकता नव्हे; छत खालच्या घराचेही असते.

चाकणच्या पेट्या आणि भोसरीची पिंपे

आपण औद्योगिक पट्ट्यात राहतो, त्यामुळे जुन्या वस्तूंची वाण नाही. निळी प्लास्टिकची पिंपे अर्धी कापून उत्तम कुंड्या होतात, परंतु पिंपात पूर्वी काय होते, हे खात्रीने माहीत असेल तरच. रसायने, द्रावके किंवा तेले यांची पिंपे कितीही धुतली तरी खाण्याच्या भाजीसाठी वापरू नयेत. खाद्यपदार्थांची पिंपे मिळाली तर घ्यावीत.

चाकणच्या कारखान्यांत परदेशातून येणाऱ्या यंत्रभागांच्या लाकडी पेट्याही भंगारात मिळतात. त्यांवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण आणि अक्षरे छापलेली असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. पहिली पेटी आतून गोणपाट लावून वापरता येते, दुसरी भाजीसाठी घेऊ नये. ज्या लाकडावर कोणतीही खूण नाही किंवा तेलाचे डाग आहेत, तेही टाळावे.

सिमेंटची कुंडी वाऱ्यात पडत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते, पण तिचे स्वतःचेच वजन मोठे. ती तळमजल्याच्या अंगणात शोभते. चांगली जाड प्लास्टिकची कुंडी पाणी धरून ठेवते, मात्र काळ्या रंगाची पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की भिंतीलगतची मुळे भाजतात. फिकट रंगाची घ्यावी किंवा तिच्यापुढे दुसरी कुंडी ठेवून सावली करावी.

मुंबईच्या दोन गच्च्या

कुंडीचा इतका विचार केल्यावर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कुंडी झाड वाढवत नाही, माती वाढवते. मुंबईत वांद्र्याला डॉ. रमेश दोशी यांनी आपल्या गच्चीवर साध्या पिशव्या आणि पिंपांत उसाचा चोथा, कंपोस्ट आणि थोडीशी माती भरून भाज्या आणि फळे पिकवली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून ऊन, पाने आणि सेंद्रिय माती यांचा हिशेब सामान्य शेतकऱ्यांना शिकवला. या दोघांपासून प्रेरणा घेऊन प्रीती पाटील यांनी 2002 पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, त्याच स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या जोरावर बाग उभी केली. यांपैकी कोणीही महागड्या कुंड्यांपासून सुरुवात केली नाही.

रहाटणीत रसवंतीगृहे आहेत आणि उसाचा चोथा ती आनंदाने देतात. तो धुऊन, उन्हात पूर्ण वाळवूनच वापरावा. गोडवा राहिला तर मुंग्या येतात आणि मग त्यांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. ज्या मोठ्या सोसायट्या आपला ओला कचरा आवारातच जिरवतात, तेथे तयार कंपोस्ट हाताशी असते. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि वर वाळक्या पानांचे दोन इंच आच्छादन, एवढ्याने कोणत्याही कुंडीची तहान कमी होते.

आमच्या घरी काय ठरले

आपल्या आहाराचाही या निवडीशी संबंध आहे. जगभर कापडी पिशव्यांची जाहिरात बटाटे पिकवण्यासाठी होते. बटाटे काढता यावेत म्हणून कडेला खिडकी असलेल्या पिशव्याही मिळतात. कंदमूळ न खाणाऱ्या घराला त्यांचा काय उपयोग? चातुर्मासात आपली अनेक घरे पालेभाजी वर्ज्य करतात, तेव्हा ऐन पावसाळ्यात मेथीच्या कुंड्या अडवून ठेवण्याचेही कारण नाही. हे ध्यानात घेऊन बाबांनी वहीत एक यादी केली. ती अशी:

लिंबू आणि कढीपत्ता: 18 इंची जाड, फिकट रंगाच्या कापडी कुंडीत, भिंतीलगत, घडवंचीवर.

मोगरा आणि तुळस: मातीच्या कुंडीत, सकाळचे ऊन येते त्या कोपऱ्यात.

मिरची, टोमॅटो, घेवडा: 12 इंची फिकट प्लास्टिकच्या किंवा लेप दिलेल्या पिशवीत, म्हणजे पाणी नसलेला दिवस निभावतो.

मेथी, कोथिंबीर: रुंद, उथळ प्लास्टिकच्या टोपलीत, केवळ कार्तिक ते फाल्गुन.

दुधी भोपळा: खाद्यतेलाच्या अर्ध्या पिंपात, वेल जाळीवर.

यादीखाली त्यांनी दुकानातील सवयीने आणखी एक ओळ लिहिली: प्रत्येक कुंडीची किंमत भागिले ती टिकेल ती वर्षे. मातीची कुंडी हाताळताना फुटली नाही, तर पिढी काढते. कापडी कुंडी काही वर्षांनी उन्हाने ठिसूळ होते. बोटाने चिमटल्यावर तंतू सुटू लागले की ती निवृत्त करावी आणि ओल्या कचऱ्यात न टाकता सुक्या कचऱ्यात द्यावी. स्वस्त काय पडले, हे विकत घेतानाच्या दिवशी कळत नाही, ते तिसऱ्या वर्षी कळते.

वीसांपैकी सहा कापडी कुंड्या आम्ही ठेवल्या. उरलेल्या चांगल्या पिशव्या ज्यांच्या अंगणाला पाणी आणि सावली आहे, अशा नातलगांना दिल्या. खालच्या वहिनींच्या छताची दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने करून दिली. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा आला नाही. पहिली लिंबे उतरली, तेव्हा बाबांनी त्यांतील चार वेगळी काढली आणि स्वतः जिना उतरून त्यांच्या घरी नेऊन दिली.

कोणतीही कुंडी सर्वगुणसंपन्न नसते. आपले पाणी किती, आपले छत कोणाच्या डोक्यावर, आपले ऊन कोणत्या दिशेचे आणि आपले ताट कसे, या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत. त्यानंतर दुकानात जावे.